परदेशी पेमेंटचं बँक शुल्क कुणी सोसावं? अवर, शा आणि बेन

परदेशी पेमेंटच्या फॉर्मवर शुल्काचा रकाना शेवटी शेवटी येतो. तोवर आपलं लक्ष उडालेलं असतं. रक्कम, खाते क्रमांक, स्विफ्ट कोड हे सगळं तीनदा तपासून झालेलं असतं, आणि अवर (OUR, सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे), शा (SHA, दोघांत वाटून) आणि बेन (BEN, सगळं घेणाऱ्याकडे) यांपैकी जे आधीपासून निवडलेलं दिसतं (बहुधा शा) तेच ठेवून आपण पुढे जातो. मीही अनेक वर्षं तसंच केलं. माझा व्यवहार दोन्ही बाजूंनी आहे: काही ग्राहकांकडून पैसे येतात, काही पुरवठादारांना जातात. त्यामुळे या रकान्याचा चटका दोन्हीकडून बसला आहे. ज्यांना नवा करार करायचा आहे किंवा इन्व्हॉइसवरची अट बदलायची आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहितो.

बेनबद्दल थोडक्यात. यात पाठवणाऱ्याच्या बँकेचं शुल्कसुद्धा मूळ रकमेतूनच कापलं जातं, म्हणजे सगळा भार घेणाऱ्यावर. जास्त आलेली रक्कम परत करायची असेल, किंवा घेणाऱ्यानेच ‘शुल्क माझ्याकडे’ असं सांगितलं असेल, तर ते रास्त आहे. मालाच्या किंवा कामाच्या बिलासाठी बेन वापरणं म्हणजे ठरलेल्या भावात न विचारता सूट घेणं, असं मला वाटतं. एखादा ग्राहक नेहमी बेननेच पाठवत असेल तर लगेच मनात काही आणू नका. बहुतेकदा त्यांच्या लेखा विभागात कुणीतरी पूर्वी कधी ती निवड करून ठेवलेली असते आणि एका सरळ मेलने ती बदलते.

खरी निवड शा आणि अवर यांच्यात आहे.

शा ऐकायला न्याय्य वाटतं. पाठवणाऱ्याने आपल्या बँकेचं द्यावं, घेणाऱ्याने आपल्या बँकेचं. मला ते याच कारणासाठी आवडायचं. पण मधल्या बँकांचं काय? स्विफ्ट हे बँकांमधलं संदेशांचं जाळं आहे; ते स्वतः पैसे नेत नाही, निरोप नेतं. पैसे सरकतात ते बँकांनी एकमेकींकडे उघडलेल्या खात्यांमधून. पाठवणारी आणि घेणारी बँक यांचं असं थेट नातं नसेल तर मध्ये एक, दोन, कधी त्याहून जास्त कॉरस्पॉन्डंट बँका येतात, आणि शा असेल तर त्यातली प्रत्येक बँक आपलं शुल्क पुढे जाणाऱ्या रकमेतूनच काढून घेऊ शकते. म्हणजे नावाला वाटणी असली तरी मधल्या बँकांचा सगळा खर्च घेणाऱ्याच्या पदरात पडतो.

माझं मत फिरलं ते या खर्चाच्या आकड्यामुळे नव्हे. आकडा तसा सोसवणारा होता. मला त्रास दिला तो त्याच्या लहरीपणाने. माझा एक नियमित ग्राहक दर तिमाहीला १०,००० डॉलरचं बिल भागवायचा. एकदा खात्यात ९,९७५ आले. पुढच्या वेळी ९,९५७. त्यानंतर ९,९८२. ग्राहक तोच, त्याची बँक तीच, माझं खातं तेच, निवडही शाच. पैशाची वाट बदलली की कपात बदलते, आणि ती वाट आम्हा दोघांपैकी कुणीच ठरवत नव्हतं.

वाचताना हे किरकोळ वाटेल. पण २५ डॉलर कमी आले की बिल पूर्ण भागत नाही. खातेवहीत त्या ग्राहकाच्या नावावर २५ डॉलर येणे राहतात. ती बाकी खर्ची टाकायची तर हिशेब तपासणारा कागद मागतो: ही कपात कुणी केली, कशावरून? आपल्या बँकेकडे मागितलं तर ती म्हणते, आमच्याकडे एवढेच आले. ग्राहकाला विचारलं तर तो आपल्या बँकेची पावती पाठवतो, आणि तिच्यावर पूर्ण १०,००० गेल्याची नोंद असते. सगळे खरं बोलत असतात आणि बिल तरीही उघडंच राहतं. दहा वर्षं व्यवहार असलेल्या माणसाला २५ डॉलरसाठी पत्र लिहिताना मला प्रत्येक वेळी संकोच वाटला. आणि न लिहावं तर वर्षअखेरीला अशा लहान लहान बाक्यांची एक मोठी यादी समोर यायची. तिच्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी बसून सोडवायची असते.

पाठवणाऱ्याच्या बाजूने हीच गोष्ट जास्त महागात पडली. एका पुरवठादाराला मी शाने पूर्ण रक्कम पाठवली, त्यांच्या खात्यात १८ डॉलर कमी पोचले. त्यांच्याकडे पद्धत अशी की बिल पूर्ण जमा झाल्याशिवाय माल गोदामातून सुटत नाही. माणसं सज्जन होती, पण त्यांच्या संगणकाला १८ आणि १,८०० यांत फरक करता येत नव्हता. उरलेले १८ डॉलर वेगळे पाठवावेत तर त्यांना पुन्हा तोच प्रवास आणि तीच कपात. पत्रव्यवहार होऊन माल निघायला चार दिवस गेले, आणि पुढे माझ्या ग्राहकाला मला उशिराचं कारण सांगावं लागलं. त्या दिवसापासून पुरवठादारांना मी अवरनेच पैसे पाठवतो, खर्च माझ्यावर येत असला तरी.

अवरच्या बाजूने माझा मुद्दा माहितीचा आहे. बँक पाठवणारा निवडतो. ‘मधलं शुल्क धरून एकूण किती पडेल?’ हे पैसे निघण्याआधी विचारण्याची सोय त्यालाच असते. घेणाऱ्याचा मधल्या बँकेशी कसलाही करार नसतो. त्या बँकेचं नावसुद्धा त्याला कपात झाल्यावर कळतं, कळलं तर. ज्याला खर्च आधी कळू शकतो त्याने तो उचलावा आणि हवं तर भावात धरून घ्यावा, हे मला ५०-५० वाटणीपेक्षा सरळ वाटतं.

आता अवरच्या उणिवा, कारण त्या माहीत नसतील तर निराशा होते. पहिली म्हणजे अवर निवडलं की पूर्ण रक्कम पोचेलच अशी खात्री सगळीकडे मिळत नाही. विशेषतः अमेरिकेतल्या बँकांमधून जाणाऱ्या डॉलरच्या पेमेंटमध्ये अवर लिहूनही मध्ये कपात झालेली मी पाहिली आहे. म्हणून काही बँका ‘पूर्ण रक्कम पोचेल’ अशी हमी असलेली सेवा वेगळी देतात. ती आहे का, हे नाव घेऊन विचारा. दुसरी, घेणाऱ्याची बँक आलेल्या पैशावर स्वतःचं जमा शुल्क लावत असेल तर ते बरेचदा अवरच्या बाहेर राहतं, कारण तो तिचा आणि तिच्या खातेदाराचा करार. तिसरी मला सगळ्यात जाचक वाटते. काही बँका अवरचं एक ठरावीक शुल्क सुरुवातीलाच घेऊन मोकळ्या होतात, तर काही नंतर मागतात. मधल्या बँकेकडून शुल्काची मागणी येते (जुन्या स्विफ्ट संदेशांत ती एमटी १९१ या नावाने यायची) आणि पेमेंट विसरून गेल्यावर कधीतरी तुमच्या खात्यातून रक्कम वजा होते. अवर वापरायचं तर ठरावीक शुल्काचंच घ्या, एवढी एक अट मी आग्रहाने सांगेन.

शिवाय चलन बदलाचा फरक या तिन्ही पर्यायांच्या बाहेर आहे. बँक दरात स्वतःसाठी जो फरक ठेवते तो अवरने भरून निघत नाही, आणि मोठ्या रकमेवर तो शुल्काहून कितीतरी जास्त असू शकतो. बिल कोणत्या चलनात आहे आणि बदल कुणाच्या बँकेत होणार, हे आधी ठरवा. शुल्काचा वाद त्यानंतरचा.

युरोपपुरती ही चर्चा बरीचशी मिटलेली आहे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या पेमेंट सेवा निर्देशानुसार (तो जानेवारी २०१८ पासून लागू झाला) दोन्ही बँका संघात असतील तर प्रत्येकाने आपापल्या बँकेचं शुल्क द्यायचं, आणि मधल्या टप्प्यांवर रकमेतून काही कापायचं नाही. घेणारा आणि त्याची बँक यांचं आधी ठरलं असेल तर तेवढी बँक आपलं शुल्क कापून जमा करू शकते. अशा व्यवहारात शाच योग्य आहे, मीही तेच ठेवतो. शाबद्दलची माझी तक्रार मधल्या कपातीची आहे. ती नसेल तर शा खरोखर न्याय्य आहे.

लेटर ऑफ क्रेडिटवर (आयातदाराच्या बँकेने निर्यातदाराला दिलेल्या पैशांच्या हमीपत्रावर) काम करणाऱ्यांनी शुल्काचं कलम वेगळं वाचावं. तिथे २००७ पासून लागू असलेली यूसीपी ६०० ही नियमावली चालते आणि तिच्या ३७ व्या कलमात एक महत्त्वाची गोष्ट आहे. शुल्क लाभार्थीने, म्हणजे निर्यातदाराने द्यायचं असं पत्रात लिहिलं असलं आणि ते त्याच्याकडून वसूल झालं नाही, तरी जबाबदारी शेवटी पत्र देणाऱ्या बँकेवर राहते. ती बँक मग आपल्या ग्राहकाकडे, म्हणजे आयातदाराकडे वळते. ‘सगळं शुल्क समोरच्याचं’ असं लिहून आयातदार पूर्ण सुटतो, या भरवशावर राहू नये.

शाने काम भागवायचं असेल तर निदान युईटीआर, म्हणजे त्या पेमेंटचा माग काढण्याचा क्रमांक, मागून घ्या. २०१७ मध्ये स्विफ्टने जीपीआय ही सेवा सुरू केल्यापासून ३६ अक्षरांच्या या क्रमांकावरून पेमेंट कुठे आहे आणि किती कपात झाली हे बँकेला पाहता येतं. कापलेले पैसे त्याने परत येत नाहीत, पण हिशेब तपासणाऱ्याला दाखवायला कागद मिळतो, आणि माझ्या मते तो निम्मा दिलासा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्विफ्टवरच्या जुन्या एमटी पद्धतीच्या पेमेंट संदेशांचा आणि आयएसओ २००२२ या नव्या मानकाच्या संदेशांचा एकत्र चालण्याचा काळ संपला. त्यामुळे काही बँकांच्या पडद्यावर अवरच्या जागी डीईबीटी, शाच्या जागी एसएचएआर आणि बेनच्या जागी सीआरईडी दिसेल. अर्थ तोच आहे.

रक्कम लहान असेल तर माझा आग्रह सैल होतो. काहीशे डॉलरच्या बिलावर अवरचं ठरावीक शुल्क डोळ्यांत भरतं आणि ग्राहकाला ते पटवणंही अवघड जातं. तिथे दोनतीन महिन्यांची बिलं एकत्र करून एकदाच घेणं मला बरं पडलं. काही ठिकाणी पेमेंट कंपनीमार्फत ग्राहकाच्याच देशातल्या खात्यात पैसे घेता येतात आणि कॉरस्पॉन्डंट बँकांची साखळीच टळते. ती सोय असेल तर हा सगळा प्रश्न बाजूला ठेवून आधी ती पाहा.

बाकी बिलांवर मी आता ‘शुल्क अवर’ एवढंच लिहून थांबत नाही, कारण अवरचा अर्थ प्रत्येक बँक थोडा वेगळा लावते. मी लिहितो: ‘बिलाची पूर्ण रक्कम आमच्या खात्यात जमा व्हावी. पाठवणाऱ्या आणि मधल्या बँकांचं शुल्क देणाऱ्याकडे, आमच्या बँकेचं जमा शुल्क आमच्याकडे.’ हे वाक्य कामाच्या आधी, दरपत्रकातच जातं. बिलावर ते पहिल्यांदा दिसलं तर समोरच्याला खटकतं, आणि ते साहजिक आहे. तिमाहीच्या त्या ग्राहकाने सुरुवातीला विचारलं होतं, खर्च आमच्यावर का? मी त्याच्या बँकेचं अवरचं शुल्क विचारून घेतलं आणि पुढच्या वर्षीच्या दरात तेवढी सूट दिली. त्यानंतरची त्याची सगळी बिलं पहिल्याच दिवशी पूर्ण भागली आहेत.