आठ ट्रॅकचे पैसे, दोन ट्रॅकचे रेकॉर्डिंग

कोल्हापुरात मंगळवार पेठेतील आमच्या भजनी मंडळाने अभंगांच्या कार्यक्रमाचे मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग करून घेतले, त्यात झालेली फसवणूक इतर मंडळांच्या कानावर घालणे आवश्यक वाटते. रेकॉर्डिस्टने ट्रॅकमागे दीड हजार रुपये दर सांगितला होता. मुख्य गायक, दोन साथीदार, पेटी, तबला, डग्गा, पखवाज आणि टाळ यांना स्वतंत्र माइक लावून प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा, म्हणजे मागाहून पुण्यात मिक्सिंग करताना हवा तो आवाज कमी-जास्त करता येईल, असे ठरले होते. त्याच्याकडील डिजिटल रेकॉर्डर एका वेळी आठ ट्रॅक घेऊ शकणारा होता, हेही खरे. यंत्रात खोट नव्हती.

ठरल्याप्रमाणे आठ फाइल मिळाल्या आणि प्रत्येकीवर वाद्याचे नाव होते. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा लागते. तो हिशेबही बरोबर जुळला. अर्थात, त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण त्याच आवाजाची नक्कल केली तरी डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल तेवढीच भरते.

मिक्सिंगला बसल्यावर एका अभंगात पखवाज थोडा वर घेतला, तर त्याच्यासोबत गायकाचा आवाजही तितकाच वर आला. विचारल्यावर रेकॉर्डिस्ट म्हणाला, “सगळे एकाच स्टेजवर बसलेले, आवाज एकमेकांच्या माइकात जाणारच की!” हे उत्तर अर्धे खरे असल्यामुळेच फसवे आहे. शेजारचा आवाज माइकमध्ये शिरतो, पण तो उशिरा पोहोचतो. आमचे टाळकरी पखवाजापासून साधारण तीन मीटरवर होते आणि ध्वनीला तेवढे अंतर कापायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे टाळेचा ठोका पखवाजाच्या ट्रॅकवर जवळपास ३९० सॅम्पल (डिजिटल रेकॉर्डिंगमधली आवाजाची क्षणिक मोजमापे, इथे सेकंदाला ४४,१००) मागे दिसायला हवा होता. आमच्या फाइलमध्ये मात्र तो आठही ठिकाणी एकाच रेषेत उभा होता.

मिक्सिंग करणाऱ्याने मग पेटीची आणि एका साथीदाराची फाइल समोरासमोर ठेवून दोन्हींची पातळी सारखी केली, एकीची पोलॅरिटी उलटवली (म्हणजे तिच्या ध्वनिलहरीचे चढ-उतार उलटे केले) आणि दोन्ही एकत्र वाजवल्या. पूर्ण शांतता! दोन वेगळ्या माइकांचे आवाज असे एकमेकांना कधीच पुसून टाकत नाहीत. पखवाज आणि टाळेच्या फाइलमध्ये फक्त खर्ज किंवा तीव्र स्वर फिल्टरने उठवलेले होते. मिक्सरमधून निघालेला एकत्रित आवाज दोन ट्रॅकवर घेऊन त्याच्याच नकला आम्हाला नावे घालून विकल्या होत्या. उरलीसुरली शंका आमच्यातील एकाने कार्यक्रमात काढलेल्या फोटोने मिटवली. त्यात रेकॉर्डरचे दोनच लाल दिवे पेटलेले स्पष्ट दिसतात.

पैसे परत मागितल्यावर ‘ठरल्याप्रमाणे आठ फाइल दिल्या आहेत’ एवढेच उत्तर आले. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, त्यामुळे फाइल, फोटो आणि पावती यांपैकी काहीही डिलीट किंवा गहाळ होऊ देऊ नये.

ज्यांचे रेकॉर्डिंग व्हायचे आहे, त्यांनी साउंड चेकच्या वेळी एकेका माइकवर हलकी टिचकी मारून रेकॉर्डरवर त्याच ट्रॅकचा मीटर उसळतो का, ते पाहावे. मिनिटभर रेकॉर्ड करून एकच ट्रॅक हेडफोनवर ऐकावा. कार्यक्रम संपल्यावर कार्डवरील मूळ प्रोजेक्ट (सगळ्या ट्रॅकचे मूळ रेकॉर्डिंग) तिथेच आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यावा. काही रेकॉर्डर स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये साठवतात, तेव्हा डब्ल्यूएव्ही एक्सपोर्टही आपल्यासमोर करून मागावे आणि उरलेली रक्कम त्यानंतरच द्यावी.