धुऱ्यावरची निलगिरी आणि तालुक्याची रोपवाटिका

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेताच्या धुऱ्यावर निलगिरीची जुनी रांग आहे. तिच्या कडेला परसबाग करण्यासाठी जूनमध्ये तालुक्याच्या एका रोपवाटिकेतून वांगी, टोमॅटो व मिरचीची रोपे आणली. रोपे निरोगी होती आणि दरही वाजवी होता. मात्र लागवडीची जागा स्पष्ट सांगूनही विक्रेत्याने ‘शेणखत टाका, सारे येते’ एवढ्यावरच बोळवण केली, हे मला खटकले. निलगिरीच्या गळलेल्या पानांतून मातीत उतरणारी फिनॉलिक आम्ले व तैलद्रव्ये बियांची उगवण आणि कोवळ्या मुळांची वाढ रोखतात, शिवाय झाडाची मुळे ओलही ओढून घेतात. त्यामुळे बुंध्यालगतची रोपे खुजी राहिली, तर वीस हातांवरची त्याच पिशव्यांतली रोपे फळांनी लगडली. (शेणखत दोन्हीकडे सारखेच होते.)

दुसऱ्या खेपेस तेथील वृद्ध माळीकाकांनी पाचोळा गोळा करून दूर नेण्याचा, ताज्या पानांचे आच्छादन टाळण्याचा आणि बाहेरची माती भरलेल्या कुंड्या वापरण्याचा सल्ला दिला. सुबाभळीच्या पाल्यातील मिमोसिन या, इतर रोपांची वाढ रोखणाऱ्या द्रव्याबद्दलही त्यांनीच सावध केले. रोपांना पाचपैकी चार गुण, विक्रेत्याच्या सल्ल्याला एक. माळीकाका सकाळीच भेटतात.