मॅकिंटॉश पद्धतीचा रबरी रेनकोट: ग्लासगोतील एका हिवाळ्यानंतर

दोन सुती कापडांच्या मध्ये रबराचा थर असलेला, हाताने बनवलेला पारंपरिक रेनकोट मी गेला हिवाळाभर ग्लासगोमध्ये वापरला. पावसाचा एक थेंबही आत आला नाही. मात्र या कोटाचे गुण आणि दोष दोन्ही ज्या कल्पनेतून येतात, ती याच शहरात १७६६ मध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांची आहे आणि ती समजून घेऊनच कोट विकत घ्यावा, असे मला वाटते.

मॅकिंटॉश यांच्या वडिलांचा कारखाना दगडफुलाच्या वर्गातील लायकेनपासून कडबिअर नावाचा जांभळा रंग बनवत असे. त्या रंगासाठी लागणाऱ्या अमोनियाच्या निमित्ताने मॅकिंटॉश यांनी १८१९ मध्ये ग्लासगोच्या, कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्यातील अमोनियायुक्त टाकाऊ द्रव आणि डांबर विकत घेण्याचा करार केला. डांबरातून नॅफ्था हा पातळ, ज्वलनशील द्रावक निघाला. त्यात रबर विरघळवून तो लेप एका कापडावर पसरायचा आणि वर दुसरे कापड दाबून बसवायचे, म्हणजे रबराची चिकट बाजू आतच राहते, या युक्तीचे पेटंट त्यांनी १८२३ मध्ये घेतले. दुसऱ्याच्या कचऱ्यात कच्चा माल पाहणारी ही दृष्टी मला त्या पेटंटाहूनही मोठी वाटते.

त्या काळचे कोट थंडीत ताठ आणि उन्हात चिकट होत, शिवाय शिंप्याच्या सुईने पडलेल्या छिद्रांतून पाणी झिरपे. माझ्या कोटातील रबर व्हल्कनाइझ केलेले, म्हणजे गंधकासोबत तापवून टिकाऊ बनवलेले असल्याने पहिली अडचण उरलेली नाही, आणि शिवणींवर आतून पट्ट्या चिकटवलेल्या असल्याने दुसरीही नाही.

पण जो थर पाणी आत येऊ देत नाही, तो घामही बाहेर जाऊ देत नाही. काखेतील छोटी छिद्रे सावकाश चालताना पुरतात. चढ लागला की पाठ ओली होते, त्यामुळे डोंगरात फिरण्यासाठी हा कोट मुळीच घेऊ नये. दुसरे असे की, तो ड्रायक्लीनिंगला देता येत नाही, कारण तेथील द्रावक रबराचा थर आणि शिवणींचा डिंक खराब करू शकतात. ही महत्त्वाची सूचना विक्रेत्याने तोंडी दिली नाही. ती आतल्या बारीक लेबलावर सापडली. ओल्या फडक्याने पुसून तो हँगरवर टांगून वाळवावा, घडी घालून ठेवू नये. फेब्रुवारीत डाव्या बाहीची पट्टी सुटली, ती कारखान्याने पुन्हा चिकटवून दिली आणि त्यानंतरच्या पावसातही बाही कोरडी राहिली.