निराधारचं प्रकरण नामंजूर झालं की "अपील करून देतो" म्हणत येणाऱ्यांपासून सांभाळा

हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्या तालुक्यात अजून दोन-तीन घरांत आमच्या वहिनीला फसवणारा हाच माणूस जाऊन आलाय असं कळलंय. नाव लिहीत नाही, पोलिसात अर्ज दिलाय, ते बघतील काय ते.

आमच्या दादाचा टेम्पोचा अपघात झाला, उजव्या पायात रॉड आहे आणि गुडघा वाकत नाही. सिव्हिलमधनं दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं, ४२ टक्के. त्यावर संजय गांधी निराधार योजनेचं प्रकरण टाकलं, म्हणजे सरकारकडनं दरमहा मिळणाऱ्या मदतीचा अर्ज. आपल्याकडं त्याला पगारच म्हणतात, आधी महिन्याला १५०० होता, २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना २५०० केलाय. समितीची मीटिंग झाली, यादी लागली, दादाचं नाव नाही. नामंजूर एवढंच कळलं, कशामुळं ते कोणी सांगेना.

तहसीलच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एकजण टेबल टाकून बसतो, आत सगळे ओळखीचे असल्यासारखा येणाऱ्या-जाणाऱ्या शिपायाला हात करतो. त्यानं वहिनीला गाठलं. प्रमाणपत्र बघून म्हणाला, "ताई, ४२ वर कुठं पगार होतोय आता, साठच्या खाली घेतच नाहीत, वरनं आदेश आलाय, अपील टाकावं लागंल." अपीलची फी ३५००, वकिलाचे २०००, मग थोड्या दिवसांनी टक्के ठरवणाऱ्या बोर्डाच्या डॉक्टरांना द्यायला म्हणून ४०००. वहिनीनं बचत गटातनं कर्ज उचलून दिले. वर प्रमाणपत्र आणि पासबुक ओरिजिनलच ठेवून घेतलं, अपीलला ओरिजिनल लागतं म्हणे. त्यानंतर कधीही फोन केला की एकच उत्तर, फाईल मुंबईला गेलीय.

मी सुट्टीला गावी गेलो तेव्हा वहिनीनं अपीलची पोच दाखवली. टाइप केलेला अर्ज, वरती 'मा. अपील अधिकारी, मुंबई', कोणतं खातं, कोणतं ऑफिस काहीच नाही. खाली निळा गोल शिक्का, तो असा फिरवून मारलेला की 'कार्यालय' सोडून एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि पेनानं लिहिलेला आवक नंबर. अर्ज मुंबईला असला तरी पोच इथल्याच तहसीलची आहे असं त्यानं वहिनीला सांगितलेलं, म्हणून तो कागद घेऊन तहसीलमध्ये आवक-जावकला गेलो. मॅडमनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत त्या नंबरवर आल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या. तो नंबर कुणाच्या तरी रेशनकार्डात नाव वाढवायच्या अर्जाचा होता.

मग तिथनंच संजय गांधीच्या टेबलावर गेलो. क्लार्कनं प्रकरण काढून बघितलं, त्रुटी लिहिलेली होती, उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला. बास, एवढंच. टक्क्यांचा काही विषयच नव्हता, ४० च्या वर असलं की चालतं, आणि दिव्यांगाच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत लागतं, ते आमचं होतंच. नवीन दाखला काढून परत टाका म्हणाले. म्हणजे जे अपील करायचंच नव्हतं त्याचे साडेनऊ हजार गेले, आणि मधल्या मीटिंगा हुकल्या त्या वेगळ्याच.

खरा डाव पुढं होता. मी त्याच्या टेबलावर जाब विचारायला गेलो तर हा माणूस घाबरायचं सोडून मोबाईल काढतोय. त्यात पीडीएफ, दादाचाच फोटो, दादाचंच नाव, आणि टक्के ६५. "काम झालंय, १५ हजार द्या आणि घेऊन जा." सही-शिक्का सगळं हुबेहूब! एखादा गरजू माणूस तिथं देऊन टाकतो हो पैसे, मला तरी नवल वाटत नाही.

पण हे नीट वाचा. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र फक्त ऑनलाइनच निघतं, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरनं, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगाच्या ओळख नंबरसकट. कागदावर ६५ छापलं तरी पोर्टलवर ४२ च दिसणार. आणि असा कागद लावून पगार घेतला, नुसता घ्यायचा प्रयत्न जरी केला तरी २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एजंट हात झटकून मोकळा होतो, अर्जावर अंगठा आपल्या माणसाचा असतो.

ज्यांना खरंच टक्के कमी पडलेत असं वाटतं त्यांच्यासाठी अपील आहे, नाही असं नाही. त्याच कायद्यातलं कलम ५९. निर्णयापासून ९० दिवसांत टाकायचं असतं, कुठं टाकायचं ते सिव्हिलच्या दिव्यांग विभागातच विचारा. हे ९० दिवस असला माणूस "फाईल वर गेलीय" सांगत घालवतो, दादाचं प्रकरण टक्क्यांवर अडलं असतं तर आम्ही मेलोच होतो. आणि प्रकरण का नामंजूर झालं ते तोंडी सांगत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही, ३० दिवसांत लेखी द्यावं लागतं त्यांना.

ओरिजिनल कागद परत मिळाले, तेही सरपंचांनी फोन केल्यावर. पैशातले ३००० दिलेत, बाकीचे "देतो" वर आहेत. पोलिसात अर्ज देताना ती खोटी पोच, आवक रजिस्टरच्या पानाचा फोटो आणि फोन पेचे स्क्रीनशॉट जोडलेत, वहिनीनं शेवटचे ४००० ऑनलाइन पाठवलेले म्हणून तेवढा तरी पुरावा राहिला, रोख दिलेल्याचं काहीच नाही.

दादाचं प्रकरण नवीन दाखला लावून सेतूतनं परत टाकलंय, यावेळी खरी पोच घेतलीय. बँक खात्याला आधार लिंक नव्हतं, पगार आता थेट खात्यात येतो म्हणून तेही करून घेतलं. पुढची मीटिंग कधी आहे ते अजून लागलेलं नाही.