बी.ए. जर्मन की नर्सिंग करता करता जर्मन?

बारावीचा निकाल लागला की मला फोन यायला लागतात. ‘ताई, मुलगी जर्मन घेऊ दे म्हणते. देऊ का?’ मी कुडाळची. पुण्यात बी.ए. जर्मन केलं, आता इकडच्याच मुलांना शिकवते. बहुतेक घरांपुढे दोन वाटा असतात.

आधी भीती काढून टाकते. जर्मनमध्ये नामाला तीन लिंगं असतात: डेर, डी, दास. मराठी मुलांना तो-ती-ते जन्मापासून ठाऊक आहे. ‘दास मेडशेन’ म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी. आमच्या वर्गात यावर बराच वाद झाला. मला मात्र लगेच पटलं, कारण मालवणीत ‘चेडू’ही नपुंसकलिंगीच. ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, तेही आपल्या सवयीचंच. उलट ‘डेर’चा ‘डेन’ कधी होतो, याला मात्र घोकंपट्टीच लागते.

बी.ए.ला तीन-चार वर्षं भाषेतच राहायला मिळतं: साहित्य, इतिहास, भाषांतर. पुढे शाळेत शिकवणं, पुणे-बेंगळुरूच्या कंपन्यांत जर्मन ग्राहकांचं काम, चाकणच्या कारखान्यांत दुभाषी. साधं भाषांतर आता यंत्रं करतात, म्हणून नुसत्या भाषेवर पोट भरणं पूर्वीपेक्षा अवघड झालंय. त्यात पुण्या-मुंबईत राहण्याचा खर्च वेगळा. तरीही ज्या मुलीला एका शब्दापायी अर्धा तास कोश चाळावासा वाटतो, तिला मी बी.ए.लाच पाठवीन. पदवी दुसऱ्या विषयाची घेऊन पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचा सर्टिफिकेट कोर्स करणारेही पुष्कळ असतात.

बाकीच्यांना माझं सांगणं आहे, आधी हाताला काम धरा. नर्सिंग घराजवळ करता येतं आणि जर्मन संध्याकाळी ऑनलाइन. जर्मनीत नर्सांची मोठी टंचाई आहे. मात्र तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी२ पातळीचं जर्मन लागतं (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत जातात). रोज नेमाने बसलं तर तिथवर दीड-दोन वर्षं जातात. नर्सिंग न करता बारावीनंतर थेट आउसबिल्डुंगलाही जाता येतं: तीन वर्षांचं प्रशिक्षण, त्यात दरमहा विद्यावेतन, पण जर्मन निदान बी१ हवं.

इथेच एजंट गाठतात. माझी एक विद्यार्थिनी ए२ झाल्यावर एकाला पैसे देऊन बसली. ‘पुढचं तिकडे होईल’ म्हणाला होता. वर्षभर तिची फाइल हलली नाही. शेवटी तिने घरी बसून बी२ केलं, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. कुठली पातळी लागेल ते एजंटच्या कागदावर लिहिलेलं नसेल तर पैसे देऊ नका.

इंजिनिअरिंगवाल्यांचं थोडं वेगळं आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात परदेशी मुलांकडून सत्राला १५०० युरो घेतात), पण राहण्याखाण्याचे पैसे आधीच खात्यात दाखवावे लागतात. मास्टर्स इंग्रजीतून होतं, नोकरी शोधताना मात्र जर्मन विचारतात.

पातळीच्या दाखल्यासाठी गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेची (भारतात तिलाच मॅक्स म्युलर भवन म्हणतात) परीक्षा द्यायला आपल्या मुलांना मुंबई किंवा पुण्याचं मॅक्स म्युलर भवन गाठावं लागतं. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात. बी१पासून पुढे राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. पावसाळ्यातली तारीख मिळाली तर आदल्या दिवशीच निघा, घाटात दरड आली की सकाळची गाडी वेळेवर पोचत नाही.