पाटण-जावळीच्या उतारांसाठी गॅबियन जाळी: माल चांगला, भरणी सांभाळा

गॅबियन म्हणजे दगड भरायची तारजाळीची पेटी. साताऱ्यात मिळणारी दुहेरी पिळाची 2 बाय 1 बाय 1 मीटरची पेटी घाटरस्त्याच्या किंवा घरामागच्या डोंगरकापाच्या पायथ्याला नक्की घ्यावी. जाळीची तार 2.7 मिलिमीटर, कडेची 3.4. घेताना तारेचा तुकडा 12 मिलिमीटरच्या सळईभोवती गुंडाळा. जस्ताचे पापुद्रे सुटले तर माल परत करा.

काम बिघडतं ते भरताना. काळा दगडच हवा, 100 ते 200 मिलिमीटरचा. मुरूम जाळीतून गळतो, मऊ जांभा झिजतो आणि पेटी बसते. दगड टिकावानं ढकलू नका, दर्शनी बाजू हातानं रचा. दर 33 सेंटिमीटर उंचीला पुढची-मागची जाळी जोडणाऱ्या आडव्या ताणतारा बांधा, नाहीतर पोट सुटतं. मागे जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देऊन माती अडवणारं कापड लावाच. कंत्राटदार नेमकं तेच गाळतात, मग माती दगडांत शिरून निचरा तुंबतो आणि साचलेलं पाणी पेट्यांची भिंत ढकलतं.

जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर-मिरगावला डोंगरच खाली आला. तेवढ्या लोंढ्यापुढे ही भिंत टिकणार नाही. माथ्यावर भेगा असतील तर आधी भूवैज्ञानिकाला दाखवा, वरचं पाणी चर खणून वळवा.