हातघडाईचा अखंड चाकू: पातं उत्तम, परीक्षा म्यानाची

हातघडाईच्या चाकूचं कौतुक बहुतेक वेळा पात्याच्या पाण्यापाशीच, म्हणजे तापवून-विझवून आणलेल्या कडकपणापाशीच, थांबतं. झुडपात, गोठ्यात, कुंपणाच्या कडेला वापरायच्या चाकूला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: न बघता, एका हाताने, क्षणात तो म्यानात परत जातो का? गांधीलमाश्या उठल्या की याचं उत्तर लगेच मिळतं.

ज्या घडणीबद्दल हे लिहिलं आहे ती अशी: न मिटणारं 110 मिमीचं पातं, पाठीला 3.5 मिमी जाड, पोलाद 5160, मुठीच्या टोकापर्यंत गेलेली सलग पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना लाकडी फाळक्या, दोन आरपार रिव्हेट. म्यान चामड्याचं किंवा कायडेक्स नावाच्या ताठ प्लास्टिकचं.

5160 म्हणजे गाड्यांच्या कमानपाट्यांच्या कुळातलं पोलाद. कार्बन 0.6 टक्क्याच्या आसपास, जोडीला थोडं क्रोमियम. मार खाण्यात ते 1095 या साध्या कार्बन पोलादापेक्षा सरस. 1095 मध्ये कार्बन 0.95 टक्क्याच्या जवळ असतो; त्याची धार जास्त टिकते, पण लाकडातल्या गाठीवर तिरकं आपटलं तर कपची उडायची भीती जास्त. गंज दोघांनाही चढतो. रॉकवेल मापाने 57-58 कडकपणा या कामाला योग्य. 60 च्या पुढे गेलं की धार ठिसूळ, 54 च्या खाली आलं की ती दुमडते आणि दर दोन दिवसांनी दगड शोधावा लागतो.

मापयंत्र घरी नसतं, पितळेची सळई मिळते. सळईवर धार हलक्या कोनात टेकवून दाबत ओढा. धार किंचित लवून परत सरळ झाली तर पाणी बरोबर बसलंय. वाकलेलीच राहिली तर मऊ, तुकडा निघाला तर फार कडक. नव्या चाकूची धार दुमडत असेल तर लगेच घडणाऱ्याला दोष देऊ नका. यंत्रावर धार काढताना कडेचा बारीक थर तापून निळा पडतो, मग पॉलिश करताना निळेपणा जातो, मऊपणा राहतो. तीनचार वेळा दगडावर पाजळल्यावर खालचं निकं पोलाद लागलं तर ठीक. तरीही दुमडत असेल तर चाकू परत करा.

धारेचा कोन प्रत्येक बाजूला 20 अंश ठेवावा. फांद्या तासायचं काम जास्त असेल तर 25. दोर, पोती, नायलॉनची रस्सी कापायला आरशासारखी गुळगुळीत धार उलट निसटते. साधारण 400 ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचं माप, आकडा वाढला की दाणा बारीक) दगडावर थांबलेली, जरा खरखरीत धार रस्सीत चटकन शिरते. मातीने भरलेलं पोतं मात्र कुठलीही धार खातं, तेव्हा कापायची जागा आधी झटकून घ्या.

ढलप्या काढायला पाठीवर लाकडी मोगरीने ठोकायला हरकत नाही, पण लाकूड पात्याच्या दोनतृतीयांश लांबीपेक्षा रुंद नको आणि गाठ टाळायची. मोगरीऐवजी हातोडी वापरली की पाठ चेपते. टोकाने काहीही उचकटू नका. चाकू मोडल्याच्या तक्रारींत टोकं पुष्कळ असतात. मुठीत अरुंद शेपटी घातलेले चाकू हलके आणि हातात गोड लागतात, मात्र पातं आणि शेपटी यांचा सांधा काटकोनी कापलेला असेल तर तडा तिथूनच जातो. तो कोपरा गोलसर हवा.

फाळकी आणि पट्टीच्या मध्ये कागदाची कड शिरत असेल तर घाम आणि पाणीही शिरेल, आणि आतला गंज मूठ सुटेपर्यंत कळणार नाही. नुसत्या इपॉक्सीवर चिकटवलेली मूठ घेऊच नये. मुठीला जवसाचं तेल उत्तम, पण तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

आता गांधीलमाश्या. चाकूचा पल्ला हातभरही नसतो, म्हणजे तोंड फांदीपाशी आणि प्रत्येक घावाचा हादरा थेट पोळ्याला. कापण्याआधी दोनतीन मिनिटं उभं राहून पाहावं: माश्या एकाच जागी ये-जा करताहेत का? पानांच्या खालची बाजू, पोकळ खांब, वळचण, जमिनीतलं बीळ, सगळं तपासा. पोळं दिसलं तर ते काम या चाकूचं नाही. लांब दांड्याची कात्रीही तेव्हा पुरेशी लांब नसते. पोळं काढणाऱ्या माहितगाराला बोलवा.

माश्या उठल्याच तर हातवारे न करता, तोंड झाकून सरळ दूर जायचं. अनेक जातींत डंखाबरोबर सुटणारा वास बाकीच्यांना चेतवतो, म्हणून तिथेच थांबून झटकत बसणं सगळ्यात वाईट. आणि झटकणारा हात चाकूचा असेल तर डंखापेक्षा जखम महागात पडते. म्हणूनच मनगटात अडकवायची दोरी या कामात नकोच, एरवी कितीही सोयीची असो. चाकू म्यानात गेला तर उत्तम, नाहीतर पायापासून लांब सोडून द्यायचा. याच कारणासाठी मुठीला आखूड, भडक नारिंगी गोंडा हवा. हिरवी-तपकिरी मूठ गवतात सापडत नाही.

इथे कायडेक्स जिंकतं. तोंड ताठ राहतं, टक् आवाजाने चाकू बसल्याचं कळतं. चामड्याचं तोंड ओलं होऊन मिटलं की दुसरा हात लागतो. शिवाय चामडं ओल धरतं, त्यात महिनाभर ठेवलेल्या पात्यावर डाग पडणारच.

गांधीलमाशीची नांगी सहसा त्वचेत राहत नाही, त्यामुळे चाकूच्या टोकाने काही कोरायला जाऊ नका. साबणाने धुवा, गार पट्टी ठेवा, बोटातली अंगठी लगेच काढा. चेहरा किंवा घसा सुजणं, श्वास लागणं, चक्कर, अंगभर गांध्या, यातलं काहीही दिसलं किंवा एकाच वेळी बरेच डंख बसले, तर थेट दवाखाना.

टांगून ठेवलेल्या रिकाम्या म्यानात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. ती एकांडी असते, सहसा डसत नाही, पण तिची माती पात्यावर ओरखडे पाडते आणि तळाचं पाणी निघायचं भोक बुजवते. चाकू घालण्याआधी म्यान उलटं करून आपटा, काडी फिरवा. कायडेक्स असेल तर धुऊन पूर्ण वाळवा, मगच तेलाचा हात फिरवलेलं पातं आत सारा.